बेवारस उंटराव

पत्र आलं तेव्हा चित्रकारबाई एका सशाच्या उजव्या कानाशी झगडत होत्या. डावा कान पहिल्या फटक्यात जमला होता. उजवा मात्र सकाळपासून तीनदा खोडून झाला तरी कानासारखा दिसायला तयार नव्हता. कधी चमचा व्हायचा, कधी बुटाची जीभ. त्यांनी ब्रश दातांत धरला, पाकीट फोडलं, उभ्याउभ्याच वाचलं आणि "काय?" असं म्हणायला तोंड उघडलं. ब्रश सशाच्या नाकावर पडला आणि कानाचा प्रश्न निदान त्या दिवसापुरता तरी मिटला.

पत्र एका औषध कंपनीचं होतं. भाषा इतकी गोड, की वाचणाऱ्याला आधी आपला सत्कारच आहे असं वाटावं. मुलांच्या जुन्या पुस्तकांतलं, चष्मा लावलेल्या एका उंटाचं चित्र कंपनीला फार आवडलं होतं. ते कुणी काढलं हे पुस्तकात कुठेच लिहिलेलं नव्हतं. कॉपीराइट कायद्यात जे बदल व्हायचे होते, त्यांच्या मसुद्यात अशा बिननावाच्या चित्रांना 'बेवारस कृती' म्हटलं होतं, आणि कायदा यायच्या आधीच सरकारी कचेरीनं तशी एक प्रायोगिक यादी भिंतीवर लावली होती. यादीत हा उंट होता. शुक्रवारपर्यंत कुणी पुराव्यानिशी हक्क सांगितला नाही, तर तो कुणीही वापरावा. तेव्हा आमच्या पोटसाफ पावडरीच्या पाकिटासाठी हाच उंट आपण नव्यानं काढून द्याल का? बसलेला असावा. चेहऱ्यावर सुटकेचा आनंद असावा. मूळ चित्रकाराची शैली आपल्याला बऱ्यापैकी साधेल, असं आम्हाला एकानं सुचवलं आहे.

"बऱ्यापैकी साधेल म्हणे!" बाई ओरडल्या. "अहो, मीच ती मूळ!"

"काय झालं गं?" खिडकीपाशी वर्तमानपत्र वाचत बसलेल्या अप्पांनी मान पुढे काढून विचारलं.

अप्पा म्हणजे बाईंचे वडील. उभी नोकरी वजनमापे निरीक्षक म्हणून केलेली. दुकानदारांच्या तराजूंवर चष्म्याच्या वरून नजर टाकता टाकता मान जी पुढे आली, ती निवृत्तीनंतरही मागे गेली नव्हती. वाचताना त्यांचा खालचा ओठ एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे जायचा. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली होती, पण कुठल्याही कागदावर काहीही लिहिलं की पुढे कंसात 'सेवानिवृत्त' टाकायची सवय सुटली नव्हती. एकदा दाताच्या दवाखान्यात 'तक्रार' या रकान्यात त्यांनी 'डावी दाढ (सेवानिवृत्त)' असं लिहिलं होतं, आणि डॉक्टरांनी फार विचार न करता ती काढून टाकली होती.

पुढे आलेली मान, नाकाच्या शेंड्यावरचा चष्मा, इकडून तिकडे जाणारा ओठ. उंटराव कुठून आले हे आता वेगळं सांगायला नको. अठरा वर्षांपूर्वी बाईंनी त्यांना पहिल्यांदा कागदावर उतरवलं, पुढे त्यांची अकरा पुस्तकं झाली, पोरं त्यांच्यासाठी दुकानात जमिनीवर लोळू लागली. पण त्यांचा उगम बाईंनी आजवर कुणालाही सांगितला नव्हता. अप्पांना तर नाहीच नाही. अप्पांची ठाम समजूत होती, की उंटराव म्हणजे त्यांच्या कचेरीतले जुने मोठे साहेब. "तोच तोरा, तीच मान!" असं म्हणत ते प्रत्येक पुस्तक डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत वाचायचे. आई गेल्यानंतरच्या वर्षात अप्पा हसले ते फक्त उंटरावांना. त्या हसण्यावर पाणी ओतायची बाईंची छाती नव्हती.

आणि आता तेच अप्पा पोटसाफ पावडरीच्या पाकिटावर, सुटकेच्या आनंदात, घराघरांतल्या औषधांच्या कपाटात जाऊन बसणार होते.

अप्पांनी पत्र दोनदा वाचलं. "पावडर बरी असते का गं ही?"

"अप्पा! तुमच्या साहेबांना पाकिटावर बसवतायत ते!"

"बसवू देत की. जन्मभर अवघडल्यासारखं तोंड करून फिरले बिचारे. आता सुटतील."

"माझा उंट आहे तो!"

"मग जाऊन सांग तसं. पुरावा दाखव, विषय संपव. त्यात काय मोठंसं?"

मोठंसं असं, की पुरावाच नव्हता. करार कधी झाला नव्हता. प्रकाशक भला माणूस होता, त्यानं तोंडी सांगायचं आणि बाईंनी मान डोलवायची, असा अठरा वर्षांचा व्यवहार. पुस्तकात 'चित्रे : आमचा चित्रविभाग' असं छापलेलं असायचं. हा चित्रविभाग म्हणजे बाईंचं जेवणाचं टेबल. प्रकाशकानं मागल्या वर्षी धंदा गुंडाळला, मूळ चित्रं गोदामाबरोबर रद्दीत गेली आणि तो स्वतः कुठेतरी मधमाश्या पाळायला गेला. बाईंनी त्याला फोन लावला. "आत्ता बोलता येणार नाही, तोंडावर बसल्यात," एवढंच हळू आवाजात ऐकू आलं आणि फोन बंद झाला.

"चित्रावर नाव घालायला काय झालं होतं तुला?" अप्पांनी विचारलं.

"चित्रावर नाव म्हणजे बोलणाऱ्याच्या मध्ये ओरडल्यासारखं वाटतं हो." मग बाई एकदम उठल्या. "पण मुंगी आहे!"

मुंगी ही बाईंची सही होती. प्रत्येक चित्रात कुठेतरी, खुराजवळ, टोपीखाली, गवताच्या पात्याआड, त्या एक बारीक काळी मुंगी काढायच्या. कुणाला सांगायच्या नाहीत. ज्याला दिसेल त्याला दिसेल. मसुद्यात चित्रकाराची ठरावीक खूणसुद्धा चालेल असं म्हटलं होतं. अठरा वर्षं, अकरा पुस्तकं, पानोपानी मुंगी. याहून पक्का पुरावा कुठला?

कपाटातून अकराही पुस्तकं निघाली. ती नवी कोरी होती; अप्पा वाचायचे ते वाचनालयातून आणून. छापून आलेलं स्वतःचं चित्र बाईंना बघवत नसे. कुठेतरी काहीतरी चुकलेलं दिसणार आणि आठवडाभर जेवण जाणार नाही, या भीतीनं त्या प्रती आल्या तशाच आत ठेवून द्यायच्या. अप्पांनी त्यांचं तपासणीचं भिंग काढलं, बाह्या सरसावल्या आणि खुर्ची पुढे ओढली.

"पुस्तक पहिलं. पान चार. मुंगी नाही."

"नीट बघा. डाव्या खुराजवळ."

"खूर आहे. मुंगी नाही. पान सहा, नाही. पान सात, नाही." ओठ डावीकडून उजवीकडे गेला. "पान नऊवर आहे! थांब, ही चालतेय."

संध्याकाळपर्यंत अकरा पुस्तकं संपली आणि त्यांत जी एक मुंगी सापडली ती साखरेच्या डब्याकडे निघून गेली. बाई मटकन खाली बसल्या. आपण अठरा वर्षं मुंग्या काढल्या की नुसत्या काढल्यासारखं वाटलं, अशी त्यांना स्वतःचीच शंका येऊ लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या छापखान्यात पोचल्या. तिथले फोरमनकाका त्यांचे जुने स्नेही. चित्र छपाईला जाण्याआधी दिव्यावर धरून त्यावरचे धुळीचे ठिपके, डाग, केस एकेक करून काढायचे, हे त्यांचं काम, आणि या कामात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता.

"काका, माझ्या चित्रांत मुंग्या होत्या."

काकांचा चेहरा उतरला. ते उठले, खोलीचं दार लावून घेतलं आणि आवाज खाली आणून म्हणाले, "ताई, हा विषय तुमच्याजवळ कधी काढायचा नाही असं मी ठरवलं होतं."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"माहीत? अहो, एकेक मुंगी या हातानं काढलीय मी! अठरा वर्षांत एक निसटू दिली नाही. बायकोलासुद्धा म्हणायचो, ताई देवमाणूस आहेत, पण त्यांच्या घरात मुंग्या फार. ओल्या रंगावर येऊन चिकटतात. सांगितलं तर वाईट वाटेल त्यांना."

बाईंना रडावं की हसावं कळेना. काका मात्र भरल्या डोळ्यांनी कपाटाकडे वळले आणि त्यांनी कापडी पुठ्ठ्याच्या तीन जाड वह्या काढल्या. ती डागवही होती. कुठल्या चित्रावरचा कुठला डाग कधी काढला, याची तारीखवार नोंद. बाईंनी एक वही उघडली.

'उंटराव, पान ४. डाव्या खुराजवळ काळा ठिपका. पाय सहा. काढला. चित्रकारबाईंना कळवू नये.'

'उंटराव, पान ६. टोपीखाली ठिपका, मिशांसकट. काढला. चित्रकारबाईंना कळवू नये.'

"काका," बाई म्हणाल्या, "मिशा असलेला डाग कधी बघितलाय का हो तुम्ही?"

"या धंद्यात काय काय बघावं लागतं, तुम्हाला कल्पना नाही ताई."

पण वही होती. तारखा होत्या. मुंग्या छापल्या गेल्या नसल्या तरी त्या होत्या, हे एका त्रयस्थ माणसानं स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवलेलं होतं. बाईंनी तिन्ही वह्या मागून घेतल्या. काकांनी त्या कापडात बांधून दिल्या आणि निघताना एक डबीही हातात ठेवली. मुंग्यांची पावडर होती. "टेबलाच्या पायांशी टाका," ते म्हणाले.

इकडे अप्पांनी कायद्याचा मसुदा मिळवून लाल पेन्सिलीनं तपासायला घेतला होता. दोनशे चौदा पानं. गुरुवारी दुपारी त्यांनी निकाल दिला. "'कंपनी' हा शब्द तीनशेच्या पुढे मोजायचा सोडून दिला मी. 'स्वतंत्र कलाकार' एकदाच आलाय. पान एकशे एकाहत्तर, तळटीप. प्रत्येक चित्र काढणाऱ्याजवळ एक विधी विभाग असतो असं धरून चाललेत हे लोक. तुझ्याजवळ कुठला विभाग आहे?"

"चित्रविभाग," बाई म्हणाल्या.

"उद्या मी येतो बरोबर."

"नको, अप्पा. तुम्ही कशाला?"

"त्या पावडरीच्या पाकिटावर निव्वळ वजन कुठे छापणार आहेत ते विचारायचंय मला."

अप्पा बरोबर येणं बाईंना परवडणारं नव्हतं. टेबलाच्या सगळ्यांत खालच्या खणात, अंथरलेल्या कागदाच्या खाली, त्यांच्याजवळ एक शेवटचा पुरावा होता, आणि तो अप्पांसमोर कधीही, काहीही झालं तरी काढायचा नव्हता. तरीही शुक्रवारी निघताना त्यांनी तो पिशवीत तळाशी घातला, त्यावर डागवह्या रचल्या आणि मनाला बजावलं, की वह्यांवरच भागेल.

कचेरीत 'बेवारस कृती' अशी पाटी लावलेल्या टेबलामागे एक कारकूनबाई बसल्या होत्या. हसऱ्या होत्या, पण नियमाला पक्क्या. अप्पा शेजारच्या खुर्चीत बसून वर्तमानपत्र वाचू लागले. चित्रकारबाईंनी सगळी हकिकत सांगितली आणि नमुन्यासाठी अर्जाच्या कोपऱ्यात एक मुंगी काढून दाखवली.

"अगबाई, तुमच्या कागदावर मुंगी!" म्हणत कारकूनबाईंनी टिचकी मारली. मुंगी जागची हलली नाही. त्यांनी आणखी एक टिचकी मारली, मग बोट फिरवलं, मग वाकून बघितलं. "बाई गं! हुबेहूब आहे. हीच का ती?"

"हीच!"

कारकूनबाईंनी डागवह्या मन लावून वाचल्या, मिशांपाशी दोनदा थांबल्या आणि उसासा टाकला. "मुंग्या होत्या हे पटलं. पण इथे नुसतं 'चित्रकारबाई' लिहिलंय. कुठल्या चित्रकारबाई? सकाळपासून याच उंटावर दोघांनी हक्क सांगितलाय. एक गृहस्थ तर म्हणाले, उंट त्यांच्या स्वप्नात आला होता. कच्चं चित्र नाही का एखादं? पहिलंवहिलं? तारीख असलेलं?"

चित्रकारबाईंचा हात पिशवीत गेला आणि तिथेच थांबला. शेजारी अप्पांनी पान उलटलं. त्यांचा ओठ एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे गेला. दाखवलं तर अप्पांचं अठरा वर्षांचं हसू संपलं. नाही दाखवलं तर अप्पा उद्यापासून पावडरीवर.

"अप्पा," त्या म्हणाल्या, "जरा पाणी आणता का हो माझ्यासाठी?"

अप्पा उठले आणि दाराकडे गेले. बाईंनी झटकन तळाचा कागद काढून टेबलावर ठेवला. जुना, पिवळा पडलेला सरकारी फॉर्म होता तो, आणि त्याच्या कोऱ्या पाठीवर ओळीनं चार चित्रं होती. पहिल्यात एक गृहस्थ वर्तमानपत्र वाचत होते. दुसऱ्यात त्यांची मान जरा लांबली होती. तिसऱ्यात ओठ लोंबू लागला होता. चौथ्यात चष्म्यासकट उंटराव बसले होते, हातात तेच वर्तमानपत्र. खाली लिहिलं होतं, 'अप्पा, वाचताना.'

कारकूनबाईंनी चित्रांकडे बघितलं. मग पाण्याच्या पिंपापाशी, पेला भरला की नाही ते मान पुढे काढून तपासणाऱ्या अप्पांकडे बघितलं. परत चित्रांकडे बघितलं. मग त्यांनी रुमाल काढून तोंडावर धरला आणि त्यांचे खांदे हलू लागले.

"हसू नका हो," बाई काकुळतीला आल्या. "त्यांना ठाऊक नाही!"

"तारीख?" रुमालाआडून प्रश्न आला.

"मागच्या बाजूला." कागद उलटला जातो न जातो तोच पेला घेऊन अप्पा हजर झाले. त्यांची मान टेबलावर आली.

"हा तर आमचा सोळा नंबरचा फॉर्म!" अप्पा खूश झाले. "तराजू तपासणी. हे बघा, रद्द केलेला. खात्याचा शिक्का खरा आहे. तारीख बरोबर. सही माझी. लिहून घ्या, मी प्रमाणित करतो." मग त्यांच्या कपाळाला आठी पडली. "पण खात्याचा कागद आपल्या घरी, तुझ्याकडे कसा?"

"कचऱ्याच्या टोपलीत होता, अप्पा."

"रद्द झाला तरी खात्याचाच. काय केलंस त्याचं?" आणि अप्पांनी कागद उलटला.

अप्पांनी पहिलं चित्र बघितलं. दुसरं बघितलं. तिसऱ्यापाशी त्यांचा खालचा ओठ डावीकडे निघाला, चित्रातला ओठ डावीकडेच आहे हे त्यांच्या लक्षात आलं, आणि तो जागीच थांबला.

"म्हणजे," ते म्हणाले, "साहेब नव्हतेच ते."

"नाही, अप्पा."

"अठरा वर्षं मी मलाच हसतोय."

"अप्पा, चेष्टा नव्हती हो ती. तुम्ही कामावरून येऊन वाचत बसायचात ना, तेव्हा मला दुसरं काही काढावंसंच वाटायचं नाही. फार आवडायचं मला ते. सांगायला धजले नाही, एवढंच."

कारकूनबाईंनी घसा साफ केला. "पुरावा एकदम पक्का आहे हो. फक्त एक अडचण आहे. मसुद्यात एक कलम आहे, चित्र हयात माणसावरून बेतलेलं असेल, तर त्या माणसाची ना-हरकत लागते. यांची हरकत असली तर उंट यादीतच राहील." त्यांनी एक छापील कागद अप्पांपुढे सरकवला.

"पान एकशे ब्याण्णव," अप्पा म्हणाले. "वाचलंय मी." त्यांनी कागद पुरता वाचला. खिशातून पेन काढलं. मग ते खाली ठेवलं. "माझी हरकत आहे."

बाई खुर्चीतून उठल्या. "अप्पा!"

"पट्टी आहे का हो तुमच्याकडे?" कारकूनबाईंनी पट्टी दिली. अप्पांनी चौथ्या चित्रातल्या उंटरावांची मान मोजली, मग डोकं मोजलं. "मान डोक्याच्या साडेतीन पट. माझी फार तर दीड असेल. दहा ग्रॅमच्या फरकासाठी लोकांचे तराजू जप्त केलेत मी, आणि माझ्याच घरात एवढी तफावत?"

"अहो, उंट आहे तो!"

"पुढच्या पुस्तकात कमी करशील?"

"करीन."

"किती?"

"दीडच्या वर नेणार नाही. शपथ."

"दीड नको. पोरं ओळखायची नाहीत. दोनवर ठेव." अप्पांनी पुन्हा पेन उचललं. उंटरावांकडे एकदा चष्म्यावरून पाहिलं, आणि बाईंनी बघितलं, की आधी त्यांचा ओठ हलला, मग खांदे हलले, आणि मग डोळ्यांतून पाणी यायला लागलं. नवं पुस्तक हातात आलं की यायचं तसंच. त्यांनी बाहीनं डोळे पुसले आणि तराजूच्या फॉर्मवर काढायचे त्याच वळणदार अक्षरात रकाने भरायला घेतले. नाव. पत्ता. हरकत : नाही.

शेवटचा रकाना होता, 'सदर कृतीशी आपला संबंध.' तिथे ते जरा थांबले, ओठ डावीकडून उजवीकडे गेला, आणि त्यांनी लिहिलं :

'उंट (सेवानिवृत्त).'